खटल्यांचा इतिहासकार : विल्यम रफहेड

फौजदारी न्यायालयाच्या दालनांत जे लोक येऊन बसतात त्यांचे सामान्यतः तीन वर्ग करतां येतील. कांहींस कर्तव्य म्हणून यावें लागतें. न्यायाधीश, वकील, पोलीस हे त्यांपैकीं होत. कांहींस इच्छेविरुद्ध आणण्यांत येतें. आरोपी व नाइलाजानें साक्ष देणारे यांत मोडतात. तिसरा वर्ग प्रेक्षकांचा. दुसऱ्याच्या जिवावर बेतलेला प्रसंग फुकट पाहावयास मिळतो, एवढ्याच ओढीनें हे लोक तासन् तास तिष्ठत राहतात, आणि निकाल लागला कीं घरीं जाऊन जेवतात. या तिन्ही वर्गांत ज्याचा नीट समावेश करतां येत नाहीं असा एक गृहस्थ एडिंबरो येथील स्कॉटलंडच्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयांत १८८९ पासून १९४९ पर्यंत, म्हणजे तब्बल साठ वर्षें, खुनाच्या बहुतेक सर्व महत्त्वाच्या खटल्यांस हजर असे. त्याचें नांव विल्यम रफहेड. स्वतः ऐकलेले आणि जुन्या दप्तरांतून धुंडाळून काढलेले असे अनेक खटले त्यानें लिहून ठेविले. आणि खऱ्या गुन्ह्यांच्या हकीकतींस ज्यांनीं इंग्रजी वाङ्मयांत प्रतिष्ठा मिळवून दिली त्यांत त्याची गणना होते.

अशा लेखनाचें मोल काय, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो विचारणें योग्यच आहे. खून ही कोणाच्या तरी घरांत घडलेली खरीखुरी आपत्ति असते. तिचें वर्णन आरामखुर्चींत पडून वाचणें ही करमणूक झाली; आणि परक्याच्या दुःखावर पोसलेली करमणूक फारशी भूषणावह मानतां येणार नाहीं. रफहेडच्या चरित्राकडे या प्रश्नाच्याच अनुरोधानें पाहण्याचा येथें विचार आहे. त्याच्या लेखनांत करमणूक आहे हें खरें. परंतु त्याच्याच एका ग्रंथानें एका निरपराध माणसाच्या सुटकेचा पाया घातला, हेंही तितकेंच खरें आहे.

रफहेडचा जन्म १८७० सालीं एडिंबरो येथें झाला. कायद्याचें शिक्षण घेऊन तो तेथील ‘रायटर टु दि सिग्नेट’ या जुन्या व प्रतिष्ठित सॉलिसिटर-मंडळाचा सभासद झाला. परंतु त्याच्या मनाचें खरें शिक्षण निराळ्याच ठिकाणीं चाललें होतें. १८८९ सालीं, तो एकोणीस वर्षांचा उमेदवार असतां, जेसी किंग नांवाच्या बाईवर खटला झाला. शहराच्या स्टॉकब्रिज भागांत राहणारी ही बाई पैसे घेऊन अनौरस अर्भकें संभाळावयास घेई आणि मग त्यांचा जीव घेई, असा तिच्यावर आरोप होता. दोन अर्भकांच्या खुनाबद्दल ती दोषी ठरली व त्याच वर्षींच्या मार्च महिन्यांत फांशीं गेली. त्या शहरांत फांशीं गेलेली ती शेवटची स्त्री होय. तरुण रफहेडनें हा खटला बसून ऐकला, आणि तेव्हांपासून त्या दालनाची त्यास जी गोडी लागली ती म्हातारपणापर्यंत सुटली नाहीं.

गोडी अनेकांस लागते. तिला कामाची शिस्त लाभणें हें दैवाधीन असतें. रफहेडच्या बाबतींत तो योग लवकरच आला. विल्यम हॉज आणि कंपनी या प्रकाशकांनीं १९०५ सालीं गाजलेल्या स्कॉटिश खटल्यांची एक ग्रंथमाला काढली. हीच माला पुढें ‘नोटेबल ब्रिटिश ट्रायल्स’ या नांवानें जगभर प्रसिद्धीस आली. १९०६ सालीं रफहेडनें या मालेंत डॉक्टर प्रिचर्डच्या खटल्याचा खंड संपादिला. प्रिचर्ड हा ग्लासगोचा वैद्य. त्यानें आपल्या बायकोस व सासूस विष देऊन मारलें आणि १८६५ सालीं हजारों लोकांसमक्ष तो फांशीं गेला. त्याच वर्षीं डीकन ब्रोडीचा खंडही निघाला. दिवसा नगरसभेंत बसणारा हा प्रतिष्ठित सुतार-व्यावसायिक रात्रीं घरफोड्या करी. १७८८ सालीं त्यास फांशीं देण्यांत आलें. मेलेल्यांस विकण्यासाठीं जिवंतांस मारणाऱ्या बर्क आणि हेअर या जोडीचा खंड १९२१ सालीं आला. या मालेंतील एकंदर दहा खंड रफहेडच्या हातून तयार झाले.

या खंडांची रचना समजून घेणें अवश्य आहे, कारण सारें मर्म तींत आहे. आरंभीं संपादकाची विस्तृत प्रस्तावना. तींत गुन्ह्याची हकीकत व संपादकाचीं स्वतःचीं अनुमानें. त्यानंतर आरोपपत्र, साक्षीदारांच्या जबान्या, दोन्ही बाजूंच्या वकिलांचीं भाषणें, न्यायाधीशानें ज्यूरीस केलेलें निवेदन आणि शेवटीं निकाल. त्याशिवाय परिशिष्टांत पत्रें, अर्ज, नकाशे आणि छायाचित्रें. म्हणजे संपादकाचें मत एका बाजूस आणि ज्यावरून तें बनलें तो पुरावा दुसऱ्या बाजूस, असे दोन्ही वाचकापुढें उघडे ठेवलेले असत. ज्याला संपादकाचें म्हणणें पटणार नाहीं त्यानें त्याच ग्रंथांतील पानें उलटून त्याचें खंडन करावें. आपल्याकडील इतिहाससंशोधक बखरीपेक्षां अस्सल कागदास जो मान देतात, तोच मान येथें न्यायालयांतील शब्दास दिलेला दिसतो. वर्तमानपत्रांतील सनसनाटी मजकूर आठ दिवसांत रद्दींत जातो. पण हे खंड वकिलांच्या कपाटांत व ग्रंथालयांत राहिले.

या राहण्याला किती महत्त्व आहे हें एका खटल्यानें दाखवून दिलें. १९०८ सालच्या डिसेंबरची २१ तारीख, स्थळ ग्लासगो. मॅरियन गिलख्रिस्ट नांवाची ऐंशी वर्षांवरील एक श्रीमंत बाई वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरील आपल्या घरीं मोलकरणीसह राहत असे. सायंकाळीं सातच्या सुमारास मोलकरीण हेलन लँबी वर्तमानपत्र आणण्याकरितां दहाएक मिनिटें बाहेर गेली. ती परत येते तों खालच्या मजल्यावरील ॲडम्स नांवाचा शेजारी वरून आवाज ऐकूं आले म्हणून दाराशीं येऊन उभा. दोघांच्या देखत एक अनोळखी माणूस आंतून शांतपणें बाहेर आला, त्यांच्या बाजूनें गेला आणि मग जिना धाडधाड उतरून नाहींसा झाला. आंत म्हातारी रक्ताच्या थारोळ्यांत पडली होती. तिच्या पुष्कळशा दागिन्यांपैकीं हिऱ्यांचा एक ब्रोच तेवढा गेला होता.

ऑस्कर स्लेटर नांवाचा एक जर्मन ज्यू हिऱ्यांच्या ब्रोचची गहाणपावती विकूं पाहत आहे, अशी बातमी पोलिसांस लागली. जुगार आणि दागिन्यांची संशयास्पद देवघेव यांवर त्याचें पोट चाले. लग्न न केलेल्या बाईबरोबर तो राहत असे. आणि ख्रिसमसच्या सुमारास तो टोपण नांवानें अमेरिकेच्या बोटींत चढला होता. संशयास आणखी काय हवें? पण चौकशी करतां असें निघालें कीं, स्लेटरचा ब्रोच त्याचा स्वतःचाच होता आणि खुनाच्या महिनाभर आधींच गहाण पडला होता. ज्या दोऱ्यानें पोलीस त्याच्यापर्यंत पोहोंचले तो दोराच असा तुटला. तरी धरलेला माणूस त्यांनीं सोडला नाहीं. साक्षीदारांस न्यूयॉर्कला नेण्यांत आलें, आणि ओळख पटविण्यापूर्वीं त्यांस त्याचें छायाचित्रही दाखविण्यांत आलें. स्लेटर आपण होऊन स्कॉटलंडांत परत आला. निरपराध माणसास तेथें भय नाहीं असा त्याचा समज असावा.

१९०९ च्या मे महिन्यांत एडिंबरो येथें चार दिवस खटला चालला. रफहेड आपल्या नेहमींच्या ठिकाणीं होता. सरकारचा मुख्य वकील अलेक्झांडर यूर यानें ज्यूरीपुढें असें मांडलें कीं, आपलें नांव वर्तमानपत्रांत आलेलें पाहून स्लेटर पळाला. वस्तुतः तोंपर्यंत त्याचें नांव छापलें गेलेंच नव्हतें. न्यायाधीश लॉर्ड गथ्री यानें ज्यूरीस सांगतांना आरोपीच्या आयुष्यक्रमाचा असा उल्लेख केला कीं, निर्दोषत्वाचें जें गृहीत कोणाही सामान्य माणसाच्या पक्षीं असतें तें याच्या पक्षीं तितकें नाहीं, असा त्याचा अर्थ व्हावा. स्कॉटलंडांत ज्यूरी पंधरांची असे व बहुमत पुरेसें होई. तसेंच ‘दोषी’, ‘निर्दोष’ आणि ‘आरोप शाबीत नाहीं’ असे तीन निकाल तिला मोकळे असत. नऊ जणांनीं दोषी म्हटलें, पांच जणांनीं आरोप शाबीत नाहीं म्हटलें, आणि एकानें निर्दोष म्हटलें. स्लेटरला फांशीची शिक्षा झाली. २०,००० हून अधिक लोकांनीं दयेच्या अर्जावर सह्या केल्या, आणि फांशीच्या दोन दिवस आधीं ती शिक्षा जन्मठेपेंत बदलण्यांत आली. पीटरहेडच्या तुरुंगांत तो दगड फोडूं लागला.

जगाच्या दृष्टीनें प्रकरण येथें संपलें. पुढच्याच वर्षीं, १९१० सालीं, रफहेडनें स्लेटरच्या खटल्याचा खंड प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें आरडाओरड केली नाहीं. न्यायाधीशावर वा पोलिसांवर शिव्याशापांचा वर्षाव केला नाहीं. जबानीपुढें जबानी, तारखेपुढें तारीख आणि भाषणापुढें पुरावा त्यानें ठेवला, आणि दुव्यादुव्यांत कोठें फट आहे तें प्रस्तावनेंत शांतपणें दाखविलें. हा खंड सर आर्थर कॉनन डॉइल याच्या हातीं पडला. शेरलॉक होम्सच्या या जनकाची कीर्ति मराठी वाचकांस सांगावयास नको. त्यानें या खंडाच्या आधारें १९१२ सालीं एक पुस्तिका लिहून स्लेटरची बाजू लोकांपुढें आणली. १९१४ सालीं ग्लासगोचा एक पोलीस अधिकारी जॉन ट्रेंच यानें पुढें येऊन सांगितलें कीं, मोलकरणीनें त्या रात्रीं दुसऱ्याच एका माणसाचें नांव घेतलें होतें. चौकशी झाली, परंतु ती बंद दाराआड व शपथेवांचून; तींतून निष्पन्न कांहींच झालें नाहीं, आणि ट्रेंचला मात्र नोकरी गमवावी लागली.

मग महायुद्ध आलें आणि लोक स्लेटरला विसरले. १९२५ सालीं सुटून जाणाऱ्या एका कैद्यानें तोंडांत लपवून आणलेली त्याची चिठी डॉइलला मिळाली, तेव्हां चळवळीनें पुन्हा उचल खाल्ली. १९२७ सालीं विल्यम पार्क या पत्रकारानें या प्रकरणावर पुस्तक लिहिलें, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत, साडेअठरा वर्षांनंतर, स्लेटर तुरुंगाबाहेर आला. तरी डोक्यावरचा कलंक होताच. फौजदारी अपिलाचें न्यायालय स्कॉटलंडांत १९२६ सालीं स्थापन झालें होतें व जुन्या खटल्यांस तें खुलें नव्हतें. म्हणून स्लेटरसाठीं खास कायदा करावा लागला. १९२८ च्या जुलैंत या न्यायालयानें निकाल रद्द केला. त्यासाठीं कारण कोणतें दिलें? न्यायाधीशानें ज्यूरीस चुकीचा मार्ग दाखविला हें. जे शब्द १९०९ सालीं दालनांतील हवेंत विरून जावयाचे, ते एकोणीस वर्षांनीं न्यायाधीशांपुढें पुराव्यासारखे उभे राहिले. स्लेटरला ६,००० पौंड मिळाले. १९४८ सालीं तो मरण पावला.

यांतील श्रेय वांटतांना कोणावर अन्याय होऊं नये. ट्रेंचनें आपली भाकर गमावली. डॉइलनें आपलें नांव व वजन खर्चीं घातलें. पार्कनें जुनें प्रकरण खणून काढलें. परंतु या सर्वांच्या आधीं लोकमत विरुद्ध असतां पुरावा जसाच्या तसा जपून ठेवणारा माणूस रफहेड होता. पुढें आलेल्या प्रत्येकानें ज्या भूमीवर पाय रोवले ती त्यानें तयार केली होती.

याच दालनांत रफहेडनें याच्या उलट प्रकारही पाहिला. १९२६ सालच्या मार्चमध्यें एडिंबरो येथील एका घरांत मिसेस मेरेट नांवाच्या बाईस डोक्यांत गोळी लागली. खोलींत तिचा सतरा वर्षांचा मुलगा डोनल्ड तेवढा होता. पोलिसांनीं ती आत्महत्या धरली. बाई कांहीं दिवसांनीं इस्पितळांत मरण पावली. मागाहून उघडकीस आलें कीं, मुलगा आईच्या खोट्या सह्या करून बँकेंतून पैसे काढीत होता. १९२७ सालच्या फेब्रुवारींत त्याच्यावर मातृहत्येचा खटला झाला. प्रख्यात वैद्यकीय तज्ज्ञ सर बर्नार्ड स्पिल्सबरी यानें बचावाच्या बाजूनें साक्ष दिली. ज्यूरीनें खुनाचा आरोप शाबीत नाहीं असें ठरविलें. बनावट चेकांबद्दल मात्र मुलास बारा महिन्यांची शिक्षा झाली. हाही खटला रफहेडनें १९२९ सालीं ग्रंथरूपानें जपून ठेवला. १९५२ सालीं तो वारला. दोनच वर्षांनीं, १९५४ सालीं, नांव बदलून राहणाऱ्या याच मेरेटनें लंडनजवळ ईलिंग येथें आपल्या बायकोचा व सासूचा खून केला आणि जर्मनींत कलोन शहराजवळच्या रानांत स्वतःवर गोळी झाडून घेतली. तेव्हां लोकांनीं जुना खंड पुन्हा उघडला. एका खंडानें न्यायालयाचा ‘दोषी’ हा शब्द खोटा पाडला. दुसऱ्याकडे वळल्यावर ‘शाबीत नाहीं’ हा शब्द किती दुबळा होता तें दिसूं लागलें.

मालेच्या कामाशिवाय रफहेडनें पुष्कळ निबंध लिहिले. १९१३ सालीं त्याचा ‘ट्वेल्व्ह स्कॉट्स ट्रायल्स’ हा संग्रह निघाला. कादंबरीकार हेन्री जेम्स त्याचा चाहता झाला आणि दोघांचा पत्रव्यवहार चालला. १९३० च्या ‘बॅड कंपॅनियन्स’ या संग्रहांतील एक निबंध विशेष उल्लेखनीय आहे. १८१० सालीं एडिंबरो येथें दोन शिक्षिकांनीं चालविलेली मुलींची एक शाळा होती. तेथें जेन कमिंग नांवाची एक मुलगी शिके. तिचा जन्म हिंदुस्थानांत झालेला, बाप स्कॉटिश व आई हिंदी. तिनें आपल्या सरदारघराण्यांतील आजीस सांगितलें कीं, दोघी शिक्षिकांचे संबंध अनुचित आहेत. आजीनें इतर पालकांस कळविलें, आणि दोन दिवसांत शाळा ओस पडली. शिक्षिकांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली. ती एकदां एका मतानें हरल्या, मग एका मतानें जिंकल्या, आणि प्रकरण लॉर्डांच्या सभेपर्यंत जाऊन १८१९ सालीं संपलें. तोंपर्यंत शाळा, पैसा आणि उमेद हीं सर्व गेलीं होतीं. अमेरिकन नाटककर्त्री लिलियन हेलमन हिनें या निबंधावरूनच १९३४ सालीं ‘दि चिल्ड्रन्स अवर’ हें नाटक रचलें. शंभर वर्षें दप्तरांत झांकून पडलेली दोन स्त्रियांची विटंबना अशी पुन्हा माणसांपुढें आली.

रफहेडमध्यें दोष नव्हते असें नाहीं. जुन्या ग्रंथांतील शब्द व तिरकस विनोद यांचा त्यास शौक होता. आणि खुनी माणसाचें चातुर्य वर्णन करतांना त्याची लेखणी कधीं कधीं इतकी रंगांत येते कीं, मेलेल्या माणसाकडे वाचकाचें लक्ष राहत नाहीं. मॅडेलीन स्मिथ या तरुणीवर १८५७ सालीं प्रियकरास विष दिल्याचा खटला झाला होता व तोही शाबीत झाला नव्हता. तिच्याविषयीं लिहितांना त्याच्या लिहिण्यांत एखाद्या रसिकाचें कौतुक डोकावतें. जो मेला तो प्रियकर गरीब कारकून होता, हें आपणांस स्वतः होऊन आठवावें लागतें. आरंभीं जो प्रश्न मांडला तो या ठिकाणीं पुन्हा उभा राहतो, आणि त्याचें पूर्ण निरसन रफहेडच्या ग्रंथांतून होत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

तथापि या दोषाविरुद्ध एक गोष्ट ठेवावी लागेल. कौतुक असो वा उपहास असो, त्यासाठीं रफहेडनें पुरावा वांकविला नाहीं. स्वतःच्या मताला जें अडचणीचें तेंही त्यानें छापलें. गुन्ह्यांवर लिहिणारे पुष्कळ झाले व होतील. बहुतेकांच्या हकीकतींत शेवट आधीं ठरलेला असतो आणि मागचें सारें त्याला जुळवून घेतलेलें असतें. न्यायाधीशाकडूनही हीच चूक होते, तेव्हां स्लेटरसारख्या माणसास दगड फोडावे लागतात. लेखकाच्या हातून ती होऊं नये, एवढी अपेक्षा वाचकानें अवश्य बाळगावी. साठ वर्षें एकाच दालनांत बसून लोकांचीं पापें ऐकणाऱ्या या माणसानें ती अपेक्षा पुरी केली. आणि त्या कागदांच्या बळावर एक माणूस आपलें निर्दोषत्व हातांत घेऊन उन्हांत उभा राहूं शकला. करमणुकीचें लेखन म्हणून ज्याची संभावना होते, त्याच्या पदरीं एवढें पुण्य पुष्कळ झालें.